‘कमी पळालेल्या’ गाडीचा भ्रम

जुन्या मोटारींच्या बाजारात एक मत इतके दृढमूल झालेले आहे, की त्याला पुरावा मागण्याची आवश्यकता आता कोणालाच वाटत नाही. मॅन्युअल गिअरची, अंगात जोर असलेली, तरुणांच्या विशेष आवडीची छोटी हॅचबॅक गाडी वापरलेली घ्यायची झाली, तर प्रथम तिच्या मीटरवरचा आकडा पाहावा आणि मग तिच्या मालकाचे वय पाहावे. आकडा लहान आणि मालक पोक्त असेल तर निःशंक मनाने इसार द्यावा, आणि आकडा मोठा व मालक पंचविशीतला हौशी असेल तर त्या गाडीच्या वाटेसही जाऊ नये, कारण तिचा क्लच जळालेला आणि गिअरबॉक्स ‘मारलेला’ असणारच, असे ते मत होय. दलाल ते आपल्या सोयीसाठी सांगतो, घरातील वडीलधारी माणसे ते काळजीपोटी सांगतात, आणि ज्याने उभ्या आयुष्यात क्लचची प्लेट उघडलेली पाहिली नाही असा मनुष्यही ते अधिकारवाणीने सांगतो. ‘डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल हँड, फक्त शहरात फिरलेली, अवघी तीस हजार’ ही जी जाहिरातीची ठरीव भाषा आहे, तिच्यातील एकूण एक शब्द याच मताच्या आधारावर उभा आहे. माझे म्हणणे असे, की हे मत केवळ अपुरे नसून उलटे आहे. आणि क्लच व गिअरबॉक्स यांच्यापुरते बोलायचे तर ‘फक्त शहरात फिरलेली’ हे शब्द कानी पडताच ग्राहकाने आश्वस्त होण्याऐवजी सावध झाले पाहिजे.

हा वाद केवळ बुद्धिविलासाचा नाही. ज्या गाड्यांविषयी मी बोलत आहे त्यांतील बहुतेकींची निर्मिती आता बंद झालेली आहे, आणि जेवढ्या रस्त्यावर आहेत तेवढ्यांतूनच निवड करण्यावाचून हौशी माणसाला गत्यंतर नाही. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली बाहेर पडलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, २०१७ मधील बलेनो आरएस, २०१८ मधील टियागो जेटीपी, आणि चाकणला बारा वर्षे तयार होत राहून २०२२ साली बंद झालेली फोक्सवॅगन पोलो, त्यातही २५० न्यूटन-मीटर टॉर्कची डिझेल जीटी टीडीआय व अखेरच्या काळातली सहा गिअरांची १.० टीएसआय, अशा या गाड्या. त्यांचा आजचा खरा ग्राहक म्हणजे नोकरीच्या पहिल्या चारदोन वर्षांत पोटाला चिमटा काढून शिल्लक टाकलेला तरुण. त्याच्या हाती चुकीच्या कसोट्या देऊन आपण त्याला बाजारात पाठवतो, तेव्हा तो निकोप गाडी नाकारून जीर्ण गाडीला चढी किंमत मोजतो, आणि सहा महिन्यांनी गिअरबॉक्स उतरवण्याची पाळी आली म्हणजे ‘स्पोर्टी गाड्या जुन्या घेऊच नयेत’ असा दोष गाडीच्या जातीला देऊन मोकळा होतो. गाडी समजून-उमजून चालवणाऱ्या माणसाला बाजार शिक्षा करतो आणि अजाण वापराला बक्षीस देतो, हे मला असह्य वाटते.

क्लच झिजतो केव्हा, हे आधी नीट पाहू. इंजिनाच्या टोकाला फिरणारे जड फ्लायव्हील, त्यावर डायफ्रॅम स्प्रिंगच्या जोराने दाबली जाणारी प्रेशर प्लेट, आणि या दोहोंमध्ये चिमटलेली, दोन्ही अंगांना घर्षणाचे लायनिंग लावलेली क्लच प्लेट, एवढाच त्याचा संसार. पेडल सोडलेले असताना हे सर्व भाग एकजीव होऊन एकाच वेगाने फिरतात. पेडल पूर्ण दाबलेले असताना प्लेट मोकळी असते. आणि या दोन्ही अवस्थांत लायनिंगची झीज जवळजवळ शून्य असते, मग गाडी ताशी २० किलोमीटरने जात असो की १२० ने. झीज होते ती फक्त मधल्या अवस्थेत, जिला आपण हाफ क्लच म्हणतो, जेव्हा इंजिनाचा वेग एक आणि प्लेटचा वेग दुसरा असून दोन्ही पृष्ठभाग परस्परांवर घासत असतात. तात्पर्य, रस्त्याची लांबी हे क्लचच्या आयुष्याचे माप नव्हेच. तो किती वेळा घसरला, वेगाच्या किती फरकाने घसरला आणि प्रत्येक खेपेस किती काळ घसरत राहिला, हे त्याचे खरे माप. आणि मीटरवरच्या आकड्यात या तिहींपैकी एकाचीही नोंद नसते.

येथे थोडा हिशेब मांडणे प्राप्त आहे. चालकासह १२०० किलो वजनाची गाडी घ्या, आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे ती ताशी सुमारे ८ किलोमीटर चालते असे धरा. इंजिनाचा वेग स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर क्लच हळूहळू सोडला, तर दोन्ही वेग जुळेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते जवळजवळ तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते, हा यंत्रशास्त्राचा साधा निष्कर्ष आहे. १५०० फेऱ्यांवर गाडी काढली तर वेग जुळतो ताशी १२ किलोमीटरला, आणि क्लचच्या वाट्याला येतात सुमारे ६,७०० जूल. तीच गाडी ४५०० फेऱ्यांवर, टायर घसरू न देता, झटक्याने काढली तर वेग जुळतो ताशी ३६ किलोमीटरला, आणि क्लचच्या वाट्याला ६०,००० जूल येतात, म्हणजे नऊपट. प्रतिपक्षाने हा आकडा आपल्या बाजूचा म्हणून अवश्य लिहून घ्यावा. परंतु त्याच्या शेजारीच दुसराही लिहावा. तीच गाडी दहास एक अशा चढावर, ब्रेक न लावता, नुसत्या हाफ क्लचवर १५०० फेऱ्यांना रोखून धरली, तर ती तसूभरही हलत नाही, मीटरवरचा आकडा जागचा ढळत नाही, आणि तरीही क्लचमध्ये दर सेकंदाला सुमारे ३,९०० जूल उष्णता निर्माण होत राहते. पंधरा सेकंदांत तिची बेरीज त्या नऊपट दणक्याइतकी होते.

आता हे पंधरा सेकंद कोठे आणि कोणाकडून खर्च होतात ते पाहा. मुंबईत पेडर रोडची चढण, पुण्यात चांदणी चौकाकडे जाणारी वाट, सायंकाळी तुंबलेला कात्रजचा घाट, कोणत्याही मॉलच्या तळघरातून वर येणारा उभा रस्ता: येथे हँडब्रेक ओढून शांतपणे थांबणारे चालक थोडे, आणि पुढची गाडी हलेपर्यंत क्लच-ॲक्सिलरेटरच्या जोरावर आपली गाडी तोलून धरणारे पुष्कळ. हे पुष्कळजण उनाड नसतात. ते सभ्य, नियम पाळणारे, कधी ताशी ८० च्या पुढे न जाणारे गृहस्थ असतात, आणि आपण गाडी किती जपून चालवतो याविषयी त्यांची मनोमन खात्री असते. सपाटीवरही प्रकार वेगळा नाही. वरच्या हिशेबाने नऊ सौम्य सुरुवाती म्हणजे एक दणका. हिंजवडीतून सुटलेल्या गर्दीत तासाभरात शंभर वेळा गाडी काढावी लागली, तर त्या एका सायंकाळी क्लचने अकरा दणके सोसले असा त्याचा अर्थ होतो, आणि अंतर तोडलेले असते जेमतेम आठदहा किलोमीटरांचे.

उलट, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग हा सुमारे ९४ किलोमीटरांचा आहे, आणि टोलनाके व घाटातील खोळंबा सोडला तर त्या सबंध प्रवासात क्लचला काम असे फारसे पडतच नाही. ताशी १५ च्या सरासरीने शहरात ३०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीच्या यंत्राने २,००० तास काम केलेले असते; ताशी ६० च्या सरासरीने महामार्गावर ६०,००० किलोमीटर चाललेल्या गाडीने १,००० तास. मीटर दुसरीला दुप्पट जुनी ठरवतो. घड्याळ पहिलीला दुप्पट जुनी ठरवते. आणि क्लच व गिअरबॉक्समधील सिंक्रो यांना विचाराल तर तफावत याहूनही किती तरी मोठी निघेल.

हौशी तरुणाविरुद्ध प्रतिपक्षाची जी सर्वात बळकट कैफियत आहे ती मी टाळणार नाही. घर्षणाच्या लायनिंगची झीज नुसत्या एकूण ऊर्जेच्या प्रमाणात होत नाही. विशिष्ट तापमानाच्या पलीकडे ती भयंकर वेगाने वाढते, आणि म्हणून तीच ऊर्जा शंभर हप्त्यांत, मध्ये थंड व्हायला अवधी देऊन खर्च झाली तर क्लच ती पचवतो, पण पाठोपाठच्या तीन-चार दणक्यांत लायनिंग जळून चकचकीत होऊ शकते. हे मला पूर्णपणे मान्य आहे. रिकाम्या रस्त्यावर मित्रांना दाखवण्यासाठी वारंवार गाडी उडवणारा मनुष्य क्लच मारतोच. तथापि दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, अशा वापराच्या खुणा मागे राहतात: फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात, गाडी काढताना अंगाला थरथर जाणवते, जळका वास थोड्याशा चढावर परत येतो. दुसरी गोष्ट अशी, की गाडीची खरी आवड असलेला आणि गाडीचा तमाशा मांडणारा हे दोन भिन्न पुरुष आहेत, आणि बाजार त्यांना एकाच नावाखाली नोंदवतो. ज्याला गाडीची आवड आहे तो खालचा गिअर टाकताना इंजिनाचे फेरे आधी वाढवून घेतो, जेणेकरून क्लच सोडताना दोन्ही वेग जुळलेले असावेत. तो सिग्नलला न्यूट्रल करून पाय काढतो. तो डाव्या पायाचा भार पेडलवर टाकून बसत नाही. या तीन सवयींनी क्लचचे जेवढे आयुष्य वाढते, तेवढे मंद गाडी चालवण्याने कदापि वाढत नाही.

मंदपणाचाही स्वतंत्र अपराध आहे, आणि तो सांगितला जात नाही. आधुनिक टर्बो डिझेल गाड्यांत, आणि अनेक टर्बो पेट्रोल गाड्यांतही, फ्लायव्हील अखंड नसून दोन भागांचे असते आणि त्या दोन भागांमध्ये स्प्रिंगा असतात. इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोहोचू नयेत एवढ्यासाठी ही योजना. कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, इंजिन गुदमरत असताना ॲक्सिलरेटर दाबणे हे त्या स्प्रिंगांना सर्वात जाचक. मायलेज वाचवण्याच्या सद्हेतूने चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये हजार फेऱ्यांवर गाडी रेटणारा जो काटकसरी मनुष्य, त्याच्या गाडीचे ड्युअल मास फ्लायव्हील खडखडू लागले तर नवल नाही. आणि हा भाग क्लचच्या इतर सर्व भागांहून महाग असतो.

एका प्रकारच्या गाडीविषयी मात्र मी प्रतिपक्षाच्याही पुढे जाऊन कठोर होईन. संगणकातील नकाशा बदलून, म्हणजे रीमॅप करून, ज्या गाडीचा टॉर्क वाढवलेला आहे आणि क्लच मात्र कारखान्यातूनच आलेला आहे, ती गाडी घेऊ नये. क्लचची पकड ही प्रेशर प्लेटच्या दाबावर आणि लायनिंगच्या व्यासावर ठरलेली असते; कारखाना त्यात काही शिल्लक राखतो, पण ती शिल्लक जीर्ण प्लेटच्या नैसर्गिक घटीसाठी असते, कोणाच्या उत्साहासाठी नव्हे. टॉर्क वाढला की क्लच वरच्या गिअरमध्ये, ऐन जोराच्या क्षणी, चालकाने पेडलला स्पर्शही केलेला नसताना घसरू लागतो, आणि हे घसरणे सर्वात जास्त जाळणारे. रीमॅप पुसून मूळ नकाशा परत टाकून गाडी विकायला काढण्याचा प्रघात सर्रास आहे. नकाशा पुसला जातो, लायनिंगवर झालेला परिणाम पुसला जात नाही.

आता क्लच बदललेला असण्याविषयी. ‘क्लच बदललाय म्हणजे गाडी रगडलेली आहे’ असे म्हणून कित्येक ग्राहक तोंड फिरवतात, हे पाहून मी खिन्न होतो. क्लच प्लेट झिजण्यासाठीच केलेली वस्तू आहे. चपलेचा तळ झिजला म्हणून पाय अधू ठरत नाही. या गाड्यांत क्लचपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मजुरीचा मोठा वाटा त्यातच जातो. म्हणून शहाणा मालक प्लेट, प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर क्लच मोकळा करणारे रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदमच बदलतो. ज्या विक्रेत्याच्या दप्तरात या तिन्ही भागांचे, तारीख व किलोमीटर नमूद केलेले बिल आहे, त्याने आपल्या हिशेबातून तुमचा एक मोठा खर्च आगाऊ भरलेला आहे. सत्तर हजारांवर नवा क्लच बसलेली गाडी आणि तीस हजारांवर मूळचाच, शहरात घासलेला क्लच असलेली गाडी, यांत पुढच्या खर्चाच्या दृष्टीने नवी कोणती, हे सांगायला पंचांगाची गरज नाही. बिलात केवळ प्लेट लिहिलेली असेल आणि बेअरिंगचा उल्लेख नसेल, तर मात्र काम अर्धवट झाले असे समजावे.

गिअरबॉक्सची गोष्ट निराळी आहे, आणि क्लच व गिअरबॉक्स यांना एकाच श्वासात ‘गेलेले’ म्हणणे हाच एक मोठा घोटाळा. क्लच झिजावा अशी अपेक्षा असते. गिअरबॉक्सने मात्र गाडीच्या आयुष्यभर टिकावे अशी अपेक्षा असते. त्यातील दातेरी चाके सहसा झिजत नाहीत, कारण ती सदैव परस्परांत गुंतलेली आणि तेलात बुडालेली असतात. झिजतात त्या सिंक्रोच्या रिंगा. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश प्रथम आणले, त्यापूर्वी चालकाला दोनदा क्लच दाबून, मध्ये इंजिनाचे फेरे जुळवून, गिअर घालावा लागे. ते कसब तेव्हापासून एका पितळी शंक्वाकृती रिंगेकडे सोपवले गेले. गिअर घालताना ही रिंग चाकाच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग एक करते, आणि वेग एक झाल्यावाचून दात गुंतू देत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ३००० फेऱ्यांवर असताना दुसरा टाकायचा, तर गिअरबॉक्सच्या आत येणारा दांडा आणि त्यावरची क्लच प्लेट यांना ढोबळमानाने ४५०० फेऱ्यांपर्यंत चढवण्याचे काम एका निमिषात या रिंगेला करावे लागते. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधील अंतर सर्वात मोठे असल्यामुळे दुसऱ्याच्या रिंगेवर ओझे सर्वात अधिक. म्हणून कारखानदार तेथे बहुधा एकाऐवजी दोन किंवा तीन शंकू देतात, आणि तरीही सर्वप्रथम कुरकुरतो तो दुसराच.

या रिंगेचा खरा शत्रू कोण? घाई, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. दुसरा आणि अधिक घातकी शत्रू म्हणजे पूर्ण न सुटणारा क्लच. पेडलचा जोर क्लचपर्यंत नेणाऱ्या हायड्रॉलिकच्या नळीत हवा शिरली, स्लेव्ह सिलिंडर पाझरू लागला किंवा प्लेट उष्णतेने वाकली, तर पेडल तळाला टेकूनही प्लेट इंजिनाबरोबर थोडीशी फिरत राहते. आणि मग सिंक्रोच्या त्या बारीक रिंगेला केवळ दांडा नव्हे, तर जवळजवळ चालते इंजिन रोखावे लागते. क्लच दाबून गाडी जागीच उभी असताना रिव्हर्स घालायला गेले आणि कर्रकन आवाज झाला, तर पहिला संशय याच दोषाचा घ्यावा. म्हणजे शहरातल्या गर्दीत जाळलेला क्लच शेवटी गिअरबॉक्सलाही घेऊन जातो. आणि मग दोष दिला जातो तो ‘स्पोर्टी’ या विशेषणाला. हौशी तरुण जोराने गिअर बदलतो हे खरे. पण ज्याला ते कळते तो दोनदा क्लच दाबून सिंक्रोचा भारही हलका करतो, आणि हे कसब मी आजवर पोक्त चालकांपेक्षा तरुणांतच अधिक पाहिले आहे.

दोषाची पारख करताना आवाजांचे भेद जाणले पाहिजेत, नाहीतर निरपराध भागाला फाशी होते. न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेले असताना घरघर ऐकू येते आणि पेडल दाबताच ती थांबते, तर संशय गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवर घ्यावा, आणि सौदा तेथेच थांबवावा. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज येतो, तर तो रिलीज बेअरिंगचा. दीड-दीड मिनिटाच्या सिग्नलला क्लच दाबून बसणाऱ्याने केलेली ही करामत आहे, आणि क्लचच्या संचाबरोबर तिचे निवारण होते. गिअरचा दांडा हातात लुळा लागतो, इकडेतिकडे झुलतो, म्हणून लोक घाबरतात. तो बहुधा केबल किंवा बुश यांचा दोष असतो व स्वस्तात मिटतो. मात्र ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप न्यूट्रलला निसटत असेल, तर दात गोल झालेले आहेत, आणि त्याला रदबदली नाही.

तेलाचा विषय मी थोडक्यात सांगतो. ‘गिअर ऑइल लाइफटाइम असते’ हे वाक्य वापरलेल्या गाडीच्या खरेदीदाराने मनावर घेऊ नये. सिंक्रोच्या रिंगांची पितळी भुकटी त्याच तेलात फिरत राहते, आणि सुमारे दोन लिटर तेलाचा खर्च गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. शिवाय कोणत्या प्रतीचे तेल घातले होते हेही विचारावे. डिफरन्शियलसाठीचे जीएल-५ प्रतीचे तेल जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये घातले, तर रिंगेला हवे असलेले घर्षणच नाहीसे होते आणि गिअर कुरकुरू लागतो. तेल काढताना बोल्टवरील चुंबकाला लागलेला करडा चिखल स्वाभाविक; चकाकणारे पितळी कण किंवा लोखंडी किरचा स्वाभाविक नव्हेत.

राहता राहिली ती प्रचलित परीक्षा, जिच्यावर दलाल आणि ग्राहक दोघांचीही श्रद्धा आहे: हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, आणि इंजिन बंद पडले की ‘क्लच एक नंबर’ असा दाखला द्यायचा. ही परीक्षा या जातीच्या गाड्यांना निरर्थक आहे. आठशे फेऱ्यांवर टर्बो इंजिन आपल्या पूर्ण टॉर्कचा अगदी थोडा अंश देते. तेवढा रोखायला मृतप्राय प्लेटही पुरते. क्लचची खरी कसोटी लागते ती टर्बो पूर्ण फुगल्यावर, दोन हजार फेऱ्यांच्या आसपास, वरच्या गिअरमध्ये. मोकळ्या रस्त्यावर, शक्य तर सौम्य चढावर, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांना स्थिर व्हावे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेऱ्यांचा काटा उसळून पुढे गेला आणि वेगाचा काटा मागे रेंगाळला, तर क्लच घसरतो आहे, मग हँडब्रेकच्या परीक्षेने काही का सांगितलेले असेना. त्याचप्रमाणे ‘पेडल वरती सुटते म्हणजे प्लेट संपली’ हा नियम केबलच्या क्लचसाठी ठीक होता; हायड्रॉलिक क्लच आपली झीज आपणच भरून काढतो, पेडलचा बिंदू फारसा बदलत नाही, आणि लक्षण दिसतेच तर पेडल जड होण्याच्या रूपाने दिसते.

सिंक्रोची परीक्षा थंड गाडीवर घ्यावी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. म्हणून विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका, आणि बॉनेटवर हात ठेवून खातरजमा करावी. थंड तेलात दुसरा गिअर थोडा जड पडणे क्षम्य आहे, कर्रकन ओरडणे क्षम्य नाही. मग गाडी तापल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात, मध्यम वेगाने, घाई न करता पाचसहा वेळा यावे. क्लच जीर्ण निघाला तर त्याचा पूर्ण संच आणि मजुरी किमतीतून वजा करून घ्यावी. तो दोष नव्हे, तो खर्च आहे, आणि त्यासाठी चांगली गाडी हातची घालवू नये. परंतु तापल्यावरही दुसरा गिअर ओरडत असेल तर गोष्ट वेगळी. निर्मिती बंद झालेल्या गाडीचे सिंक्रो आणि बेअरिंग मिळवणे, गिअरबॉक्स उघडून ते बसवू शकणारा जाणता फिटर शोधणे, आणि त्या अवधीत गाडी महिनेमहिने गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवणे, हे ओझे विक्रेत्याने खरेदीदाराच्या माथी मारू नये. आणि तशा गाडीला नकार देताना तिच्या मीटरवर वीस हजार आहेत की नव्वद हजार, हे पाहण्याचेही कारण उरत नाही.